कड्यावरचा सैल नट

खात्रीबाई कुलूप लावायची आणि मग ते ओढून बघायची. जिना उतरून खाली गेली की परत वर यायची आणि पुन्हा एकदा ओढायची. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या माणसांना हे विचित्र वाटलं, मग गंमत वाटली आणि मग सवय झाली. मेणबत्ती विकत घ्यायची तर ती दुकानातच पेटवून बघायची. कुणी 'हो, झालंय' म्हटलं की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "खात्री केलीस?" त्यावरून धाकट्या दिराने तिला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की तिचं खरं नाव विचारलं तर शेजारणींनाही डोकं खाजवावं लागायचं.

दुसऱ्या कुठल्या घरात असला स्वभाव डोकेदुखी ठरला असता. या घरात मात्र त्याचं सोनं झालं, कारण या घराचा धंदाच माणसांना कड्यावरून सोडायचा होता.

तिथला किनारा वाळूत लोळायचा नव्हे. डोंगर चालत चालत समुद्रापर्यंत यावा आणि अचानक पाय घसरून तुटावा, तसे सरळ कडे. खाली काळे, धारदार खडक. मधूनमधून समुद्र आत घुसून घळी पडलेल्या, आणि त्या घळींतून लाटा अशा आदळायच्या की वर उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन हलायची. शहरातली माणसं हे सगळं बघायला यायची, आणि नुसतं बघून त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्यांना खडकावरून पाण्यात उडी मारायची असायची, दोराने कडा उतरायचा असायचा, भरतीच्या तोंडावर गुहेत शिरायचं असायचं.

"घरी भीती मिळत नाही का यांना?" लग्नानंतर पहिल्याच महिन्यात खात्रीबाईने नवऱ्याला विचारलं होतं.

"मिळते, पण तिथं फोटो काढता येत नाही," नवरा म्हणाला.

नवरा खालच्या धक्क्यावरून बोट चालवायचा. पाहुण्यांना गुहेत न्यायचं, लाटांवर उडवायचं, ओलंचिंब करून परत आणायचं. दीर वर कड्यावर असायचा. माणूस देखणा, बोलका, घाबरलेल्या पाहुण्याला हार्नेसचे पट्टे चढवता चढवता असा हसवायचा की आपण कधी कड्याच्या टोकाशी आलो हे त्याला कळायचं नाही. आणि या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे सासरे. त्यांनीच पुढच्या दोन कड्यांच्या मधोमध, घळीवरून, पोलादी तार ताणली होती. या बाजूच्या मचाणावरून कप्पीला लटकायचं आणि खाली समुद्र उसळत असताना सूं करत पलीकडच्या मचाणावर पोचायचं. पाहुणे त्याला काय काय इंग्रजी नावांनी ओळखत, घरात तिला नुसतं 'तार' म्हणत.

ती तार रोज सकाळी तपासायचं काम खात्रीबाईकडे होतं. सासऱ्यांनीच ते तिला शिकवलं होतं. पोरांना त्यांनी शिकवलं नाही. "यांचं लक्ष गिऱ्हाइकाकडे. तुझं वस्तूकडे असतं," असं म्हणून ते तिला मचाणावर घेऊन गेले होते. मचाणामागे जाडजूड खांब, खांबाला वळसा घालून आलेली तार, आणि त्या तारेला आवळून धरणारे क्लॅम्प, एकाखाली एक. प्रत्येकाला दोन नट. "डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस," ते म्हणाले होते. "डोळे कालचं दाखवतात. पाना लाव."

तेव्हापासून ती रोज पाना लावत होती. सकाळी घरातलं उरकून ती वर निघायची, तेव्हा सासरे कड्यावरचा आपला फेरफटका मारून परतत असायचे. पायवाटेवर गाठ पडायची.

"निघालीस?"

"निघाले, बाबा."

इतकंच. वर्षानुवर्षं इतकंच.

एके दिवशी सर्वांत खालच्या क्लॅम्पचा डावा नट पान्याखाली फिरला. जराच फिरला, पण फिरला. काल आपणच नीट आवळला नसेल, असं स्वतःला सांगून तिने तो आवळला, सगळे नट पुन्हा पाहिले, आणि कुणाला काही न बोलता खाली आली. आपल्या हातून चूक होते हे कुणाला सांगायची तिला सवय नव्हती.

पुढे काही दिवस सगळं ठीक. मग पुन्हा तोच नट. पुन्हा जराच.

आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. वाऱ्याने नट सैल होतो, तारेच्या थरथरीने होतो, हे तिला ठाऊक होतं. पण वारा एकाच नटाच्या मागे का लागेल? तिने लेकीची लाल नेलपॉलिशची बाटली उचलली आणि प्रत्येक नटावर एक ठिपका दिला, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर. नट हलला तर ठिपका तुटणार. लेकीने बाटलीसाठी घर डोक्यावर घेतलं तेव्हा ती म्हणाली, "सांडली." 

ठिपका तुटला. नटावरचा लाल तुकडा एकीकडे, बोल्टवरचा दुसरीकडे. आणि नटाच्या कडेला, आवळताना पडत नाही त्या उलट्या बाजूला, पान्याची ताजी खूण.

म्हणजे कुणीतरी येत होतं. पाना घेऊन येत होतं.

ती मचाणावर बसली. खाली लाटा फुटत होत्या. तिथं बसून तिने एकेक माणूस मनात उभा केला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती दोराकडे पाहायची, उजेडात धरून, कुठे धागा उसवलाय का ते शोधत. नवऱ्याला सांगावं का? तो दिराला सांगणार, दीर हसत हसत चार जणांना सांगणार, आणि करणारा सावध होणार. नकोच. आधी माणूस सापडू दे, मग बोलू. तिने तोंडाला कुलूप लावलं, आणि सवयीप्रमाणे ते ओढूनही पाहिलं.

पहिला संशय सरळ 'नव्या'वर गेला. नवा म्हणजे दोराने कडा उतरायला शिकवण्यासाठी ठेवलेला प्रशिक्षक. येऊन बरेच महिने झाले होते तरी त्याला सगळे नवाच म्हणत. घळीच्या पलीकडे, वळणावर, दुसऱ्या एकाने असाच धंदा मांडला होता. त्यांचीही तार होती, त्यांचीही बोट होती, आणि नवा आधी तिथे कामाला होता. तिथलं सोडून तो इकडे का आला, हे त्याने कधी नीट सांगितलं नव्हतं. 'जमलं नाही' एवढंच. शिवाय तो गप्प असायचा. आणि येता-जाता तारेकडे बघायचा. खात्रीबाईला तर तो जरा जास्तच बघतो असं वाटायला लागलं.

ती त्याच्या मागावर राहिली. तो चहा प्यायला कधी उठतो, कुठल्या वाटेने येतो, फोनवर बोलताना लांब का जातो. लांब जायचं कारण साधं होतं, कड्यावर फोनला रेंज नव्हती आणि बोलायचं तर गाड्या लावायच्या जागेपर्यंत जावं लागायचं. तीही तिथूनच बोलायची. पण संशय एकदा डोक्यात शिरला की आपण करतो तेच दुसऱ्याने केलं तरी वेगळं दिसतं.

एका दुपारी नवा पाहुण्यांना घेऊन कड्यावर असताना ती सामानाच्या खोलीत गेली. भिंतीवर हेल्मेटं टांगलेली, कोपऱ्यात दोरांची वेटोळी, खुंटीला त्याची पिशवी. तिने पिशवी उघडली. टॉवेल, सुके कपडे, डबा. तिचा हात अजून आतच होता आणि दारातून आवाज आला, "काय शोधताय, ताई?"

खात्रीबाईला खोटं बोलता यायचं नाही. "पाना," ती म्हणाली.

"तो बाहेरच्या कप्प्यात आहे." नव्याने पुढे येऊन स्वतःच पाना काढून तिच्या हातात दिला. "मागितला असतात तर दिला असता."

ती पाना हातात घेऊन उभी राहिली. नटावरच्या खुणेला तो जुळतो का, हे बघायचं तिच्या डोक्यात होतं. पण सगळ्यांचेच पाने त्या मापाचे होते.

"माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"तसं काही नाही."

"मग?"

तिने पाना त्याच्या हातात परत दिला. बोलली असती तर पुढचं पुष्कळ काही टळलं असतं. नव्याने पिशवी खुंटीवरून काढली, खांद्याला लावली. "कामावरून काढायचं तर माझं काम बघून काढा, ताई. पिशवी बघून नको," म्हणाला, आणि तो गेला तो गेलाच. दिवस जायच्या आत कळलं की पलीकडच्या वळणावर, जुन्याच ठिकाणी तो परत रुजू झाला. खात्रीबाईला वाटलं, झालं, हेच तर होतं! तिकडचाच माणूस होता. 

नवरा चिडला. "चांगला माणूस होता. काय झालं तुमचं?"

"गेला ते बरं झालं. नंतर सांगेन," ती म्हणाली.

त्याच सुमाराला सासरे तापाने पडले होते. ती त्यांचं औषधपाणी करायची, वर जायची, नट पाहायची. नट जागच्या जागी. ठिपके अखंड. तिला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

मग सासरे बरे झाले, हिंडूफिरू लागले, हवा स्वच्छ झाली, पाहुण्यांची गर्दी वाढली. आणि ठिपका पुन्हा तुटला.

त्या सकाळी खात्रीबाईने आधी नट आवळला, मग विचार केला. नवा नव्हता. पलीकडून इकडे येऊन जायचं तर सगळ्यांच्या दारावरून यावं लागतं. म्हणजे बाहेरचं कुणी नाही. कुठेतरी घरातच पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आधीच उठली आणि मचाणाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दोरांच्या मागे जाऊन बसली. फट होती, तिला खांब दिसत होता. फटफटलं. समुद्र काळ्याचा करडा झाला. वाटेवर पावलं वाजली. तिने श्वास रोखला. पण ते सासरे होते. रोजच्यासारखे आले, खांबाला टेकून, पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले, जरा वाकले, घसा खाकरला आणि आले तसे निघून गेले. मागून कुणीच आलं नाही. उजेड झाल्यावर ती बाहेर आली. नट सैल होता.

तिने हिशेब मांडला. सकाळी कुणी आलं नाही, म्हणजे हे काल संध्याकाळीच झालेलं. संध्याकाळी मचाण बंद करतो दीर. म्हातारा तिच्या डोळ्यांदेखत खांबापाशी वाकला होता, आणि तिने ते पाहिलंच नव्हतं. ज्याने पाना कसा धरायचा हे शिकवलं, त्याच्यावर संशय घ्यायचा हे तिच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. 

दिराकडे मात्र सगळं जुळत होतं. गेलं वर्षभर तो 'आपण वेगळं काहीतरी काढू, मोठं काढू' म्हणत होता. तारेवर एकदा जरी काही झालं, अगदी लहानसं, तरी वडील ती बंद करणार आणि याला मोकळीक मिळणार. तिला स्वतःच्या विचारांची किळस आली, पण विचार थांबेनात. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने त्याला गाठलं.

"भाऊजी, काल मचाण कुणी बंद केलं?"

"मीच. रोज मीच करतो. का गं?"

"तुम्ही खांबापाशी काय करत होतात?"

"खांबापाशी? पाणी पीत होतो. बाटली तिथंच सावलीत असते ना."

"कुणी पाहिलं?"

तो आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "वहिनी, आता पाणी प्यायलाही साक्षीदार लागतो का?"

ती भांडी घासत राहिली. तो तिथेच थोडा वेळ उभा राहिला आणि मग बाहेर गेला. त्या दिवसापासून त्याने तिला खात्रीबाई म्हणून चिडवणं सोडलं. एका छपराखाली राहून दोघं एकमेकांची पावलं ऐकू लागली. नवऱ्याने एकदा सहज विचारलं, "तार कशी आहे?" तर तिच्या मनात आलं, हा का विचारतोय? आजवर कधी नाही विचारलं! रात्रंदिवस शेजारी असलेल्या माणसाच्या साध्या प्रश्नालाही ती आता उलटून पालटून बघत होती.

असं चालू असताना एका सकाळी लेक शाळेला जाताना ओल्या पायरीवरून घसरली आणि हातावर पडली. हात वेडावाकडा झाला. पोर किंचाळत होती. नवरा आधीच बोट घेऊन पाण्यात गेलेला. दीर धावत आला, त्याने पोरीला उचलून शेजाऱ्यांच्या गाडीत ठेवलं.

"तू जा हिच्याबरोबर. वरचं मी बघतो," तो म्हणाला.

खात्रीबाई गाडीत बसली. लेकीचा हात मांडीवर धरून, फुंकर घालत, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या घालत ती दवाखान्यात पोचली. हाताचा फोटो काढायला पोरीला आत नेलं, ती बाकावर टेकली, आणि मग तिला ते शब्द ऐकू आले. वरचं मी बघतो.

आज तिने नट पाहिले नव्हते. आणि त्यांतला एक पुष्कळदा सैल असतो, हे या जगात तिच्याशिवाय आणि करणाऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

तिने दिराला फोन लावला. लागेना. नवऱ्याला लावला. लागेना. सासरे फोन जवळ ठेवत नसत. शनिवार होता, पहिले पाहुणे एव्हाना हेल्मेट घालून रांगेत उभे असणार. दिरानेच सैल केला असेल तर तो आवळेल की नाही? त्याने केला नसेल तर त्याला पाहायचं सुचेल का? फोनमधली नावं सरकवता सरकवता तिचं बोट एका नावावर थांबलं. नवा. पलीकडच्या वळणावर रेंज होती.

"हॅलो," त्याचा आवाज थंड होता.

"मी बोलतेय. आमची तार थांबवा. आत्ता जा. कुणाला सोडू देऊ नका."

"काय झालं?"

"खालच्या क्लॅम्पचा डावा नट सैल आहे."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तिथे आहात?"

"नाही. दवाखान्यात आहे. तो सारखाच सैल असतो. कुणीतरी करतं."

मग नवा म्हणाला, "म्हणून पिशवी," आणि फोन बंद झाला.

तो जाईल की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. ज्याला तिने चोरासारखं वागवलं, त्याच्या पायांच्या वेगावर आता सगळं होतं. आतून लेकीचं रडणं ऐकू येत होतं, तिला सोडून उठता येत नव्हतं. हात जागेवर बसवला, प्लास्टर घातलं, तोवर ती बाकावरून दाराकडे, फोनकडे, पुन्हा दाराकडे बघत राहिली. फोन वाजला नाही.

परत आल्यावर लेकीला शेजारणीकडे ठेवून ती पायवाटेने वर धावली. मचाण दिसलं आणि ती थबकली.

मचाणाच्या अगदी टोकाला, जिथून पाहुणे स्वतःला सोडून देतात त्या फळीवर, सासरे बसले होते. पाय खाली घळीत लोंबत होते. मागे हार्नेस चढवलेले पाहुणे वैतागून उभे. दिराचा चेहरा लालबुंद. आणि खांबापाशी गुडघ्यावर बसलेला नवा, हातात पाना.

"वहिनी, बाबांना काहीतरी होतंय," दीर रडकुंडीला आला होता. "या ताईंना कप्पी लावत होतो, तर हे पुढे येऊन बसले ते हलायलाच तयार नाहीत. का विचारलं तर बोलत नाहीत. मग हा धावत आला, तो पण म्हणतो थांबा."

"नट सैल होता," नवा उठून म्हणाला. "तुम्ही म्हणालात तोच. पण त्याच्या शेजारचाही हलतोय, ताई. तो बोटांनी फिरतोय. त्यावर पान्याची उलटी खूण नाही. रोजचा ताण त्याच्यावर येऊन आटे झिजलेत, तो आपोआप सुटत आलाय."

खात्रीबाई नटाकडे गेली नाही. ती फळीपर्यंत गेली आणि सासऱ्यांच्या मागे उभी राहिली. दिराला माहीत नव्हतं. नव्याला तिने सांगितलं होतं. तो येण्याआधीच म्हातारा वाटेत येऊन बसला होता.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

सासऱ्यांनी मान वळवली नाही. "तू वाटेत भेटली नाहीस, पाना घरी राहिला, आणि मागायला तोंड नव्हतं गं," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले.

पाहुण्यांची माफी मागून त्यांना खाली बोटीकडे पाठवलं. मग सामानाच्या खोलीत सगळे जमले. पाहुण्यांची फेरी उरकून नवराही वर आला. सासरे दोरांच्या वेटोळ्यावर बसले होते, अचानक फार म्हातारे दिसत होते.

"तू पाहतेस का, ते मी पाहत होतो," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज नाही. पण पुष्कळदा."

"आणि मी पाहिलं होतं ना? प्रत्येक वेळी?"

"पाहिलं होतंस. तो लाल ठिपका दिसला तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"मग थांबला का नाहीत?"

म्हाताऱ्याने वर पाहिलं. "आज पाहिलं म्हणजे उद्या पाहशीलच, याची काय खात्री?"

मग त्यांनी, कुणीही न विचारता, कधी न सांगितलेलं सांगितलं. तरुणपणी ते आणि त्यांचा थोरला भाऊ कड्याला लटकून रस्त्यावरचे सुटे दगड पाडायचं काम करत. वर एक मुकादम असायचा. रोज दोर पाहिलाय का विचारलं की तो म्हणायचा, पाहिलाय. कित्येक दिवस खरंच पाहत होता. एके दिवशी नुसताच म्हणाला. भाऊ खाली खडकावर गेला. "माणूस शंभरदा खरं बोलतो आणि मग त्याला कंटाळा येतो," सासरे म्हणाले. "तो कंटाळा तुला कधी येतो ते मला पकडायचं होतं. एका नटाने तार सुटत नाही, हे मला ठाऊक होतं."

"शेजारचा सुटत होता, बाबा," खात्रीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही ज्याला सैल केलं नाही तो. आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला वाटत होतं..." ती थांबली. दीर तिच्याकडेच बघत होता.

"काय वाटत होतं?" त्याने विचारलं. "मला वाटत होतं मी तुला आवडत नाही. तू तर मला खुनी समजत होतीस, वहिनी."

तिने नाही म्हटलं नाही. तिला खोटं बोलता यायचं नाही. दीर उठून बाहेर गेला आणि बराच वेळ कड्यावर एकटा उभा राहिला.

तार त्यानंतर कित्येक दिवस बंद होती. सगळे क्लॅम्प बदलले, खांब तपासला. खात्रीबाईने सासऱ्यांना तोंडावर सांगितलं की त्यांनी मचाणावर पाऊल ठेवायचं नाही. नवऱ्याला वाटलं होतं, बाबा भडकतील. ते नुसते "बरं" म्हणाले. आता ते पायथ्याशी बसतात, पाहुण्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळतात. सुरुवातीला ती त्यांच्याशी बोलत नसे. ताट वाढायची आणि निघून जायची. मग एकदा त्यांचा गुडघा धरला, तिने तेल चोळून दिलं, आणि तिथून थोडं थोडं सुरू झालं. पण त्यांनी केलं ते चूक होतं की बरोबर, यावर त्या घरात अजून एकमत नाही. दिराचं म्हणणं, म्हाताऱ्याने सगळ्यांच्या जिवाशी खेळ केला. नवरा म्हणतो, हो, पण फळीवर जाऊन बसलाही तोच.

नव्याकडे ती स्वतः चालत गेली. पलीकडच्या मचाणावर, त्याच्या नव्या-जुन्या मालकासमोर, तिने त्याची माफी मागितली आणि परत यायला सांगितलं. त्याने माफी घेतली, पण परत यायला नकार दिला. "तिथं प्रत्येक जण माझ्या पिशवीकडे बघेल असं मला वाटत राहील," तो म्हणाला. "पण एक करू. तुमची तार आठवड्यातून एकदा मी तपासतो, आमची तुम्ही तपासा. परक्याच्या डोळ्याला भीड नसते." दोन्ही मालकांनी आधी नाक मुरडलं, एकमेकांच्या आवारात पाऊल कशाला म्हणून. मग कबूल झाले.

दिराशी जुळायला सर्वांत जास्त वेळ लागला. तो रोज तिच्याबरोबर वर येऊ लागला. ती पाना लावायची, तो शेजारी उभा राहून प्रत्येक नटाला मोठ्याने "घट्ट" म्हणायचा, इतकं कोरडं, की जणू सरकारी कामावर आहे. चेष्टा नाही, मस्करी नाही. खात्रीबाईनेही ती मागितली नाही. आपण काय उसवलंय ते तिला कळत होतं.

तिचा स्वभाव काही गेला नाही. एवढंच झालं, की आता शंका आली की ती लगेच, ज्याच्याबद्दल आली त्याच्याच तोंडावर बोलते. "भाऊजी, हा दोर तुम्ही उन्हात टाकला असं मला वाटतंय. टाकलात का?" "अहो, पेट्रोल संपत आलंय आणि तुम्ही सांगत नाही असं मला वाटतंय." कधी खरं निघतं, बहुतेकदा खोटं. घरातली माणसं वैतागतात, कावतात, शपथा घेतात, आणि मग उठून जाऊन बघतात.